ठराव आणि वचन

संस्था कशासाठी असतात, या प्रश्नाचे सरळ उत्तर असे की, एकट्याच्या हातून जे होत नाही ते अनेकांनी मिळून करावे म्हणून. परंतु जगातील पुष्कळशा संस्थांचा इतिहास पाहू गेल्यास आणखी एक, काहीसे अवघड उत्तर पुढे येते. एकट्याने कर्तव्य टाळले तर त्याला जाब विचारता येतो. तेच अनेकांनी मिळून टाळले तर नेमका जाब कोणाला विचारावा हे कळेनासे होते. संस्था या सोयीसाठीही असतात. हे दुसरे उत्तर निंदकाचे म्हणून झटकून टाकता येण्यासारखे नाही. अरब राष्ट्रांची संघटना, जिला आपण वृत्तपत्रांतून ‘अरब लीग’ या नावाने ओळखतो, तिचा आठ दशकांचा इतिहास या दोन्ही उत्तरांना पुरावा देतो.

अरब लीग परिणामकारक ठरली की नाही, हा प्रश्न बहुधा राजकारणाचा म्हणून विचारला जातो, आणि ‘नाही’ असे त्याचे उत्तर प्रश्न पुरता होण्यापूर्वीच दिले जाते. आम्हांला येथे त्यामागचा नैतिक प्रश्न विचारात घ्यावयाचा आहे. जे पाळण्याची जबाबदारी कोणीच स्वतःवर घेतलेली नाही, असे वचन सर्वांच्या नावाने देणे कितपत न्याय्य आहे? आणि ज्याला ते वचन दिले, त्याचे या व्यवहारात काय होते?

प्रथम स्थापनेचा वृत्तांत पाहू. पहिल्या महायुद्धात ऑटोमन साम्राज्य मोडले आणि त्याच्या अरबी प्रांतांवर ब्रिटन व फ्रान्स यांनी आपापले अंमल बसविले. ज्या प्रदेशात माणसे एका भाषेत बोलत, एका लिपीत लिहीत आणि एकाच काव्यपरंपरेला आपली म्हणत, त्यातून नव्या सरहद्दी गेल्या. ऐक्याची आकांक्षा त्या दुखण्यातून आली होती. दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन धामधुमीत, २९ मे १९४१ रोजी, ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री अँथनी ईडन यांनी लंडनमधील भाषणात जाहीर केले की, अरबांमध्ये सर्वमान्य होईल अशा ऐक्याच्या योजनेला ब्रिटनचा पाठिंबा राहील. यावरून लीग ही ब्रिटिशांचीच निर्मिती, असा आक्षेप पुढे अनेकदा घेण्यात आला. तो अर्धाच खरा आहे. ब्रिटनला आपल्या सोयीचे ऐक्य हवे होते हे उघड आहे. पण दुसऱ्याने दार उघडले म्हणून आत जाणाऱ्याची ओढ खोटी ठरत नाही.

ओढ खरी होती, पण ऐक्य कोणते याविषयी एकमत नव्हते. इराकचे नुरी अल-सईद यांच्या मनात इराक आणि सीरियाकडील प्रदेश यांचे संयोजन होते. ट्रान्सजॉर्डनचे अमीर अब्दुल्ला यांना आपल्या आधिपत्याखाली बृहत् सीरिया हवा होता. सौदी अरेबियाच्या राजघराण्याला या दोन्ही योजनांत आपल्या जुन्या प्रतिस्पर्धी हाशेमी घराण्याचा विस्तार दिसत होता. लेबनॉनला आपले वेगळेपण विरघळून जाईल ही धास्ती होती. आणि ईजिप्तला, जो लोकसंख्येने व साधनांनी सर्वांत मोठा होता, असे सैल ऐक्य हवे होते की ज्याचे केंद्र कैरोत राहील पण ज्याचा भार कैरोवर पडणार नाही.

२५ सप्टेंबर १९४४ पासून अलेक्झांड्रिया येथे प्रतिनिधी जमले, आणि ७ ऑक्टोबरला एक मसुदा सहीशिक्क्यानिशी तयार झाला. यजमान होते ईजिप्तचे पंतप्रधान मुस्तफा अल-नहास. दुसऱ्याच दिवशी राजा फारूक यांनी त्यांना पदच्युत केले. हा योगायोग बोलका आहे. ऐक्याची घोषणा करणारा पुढारी आपल्याच घरात दुसऱ्या दिवसापर्यंत टिकला नाही. अलेक्झांड्रियाच्या मसुद्यात एक महत्त्वाचे कलम होते: लीगच्या किंवा एखाद्या सदस्याच्या हिताला बाध येईल असे परराष्ट्रधोरण कोणत्याही सदस्याने स्वीकारू नये. साडेपाच महिन्यांनी, २२ मार्च १९४५ रोजी, कैरोत जी अंतिम सनद स्वीकारण्यात आली तिच्यातून हे कलम वगळले गेले. ईजिप्त, इराक, ट्रान्सजॉर्डन, लेबनॉन, सौदी अरेबिया आणि सीरिया ही सहा राष्ट्रे प्रारंभी होती. मे महिन्यात येमेन येऊन मिळाला. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेवर सह्या झाल्या त्या त्याच वर्षी २६ जूनला. म्हणजे अरब लीग संयुक्त राष्ट्रांहून तीन महिन्यांनी वडील. आज तिचे बावीस सदस्य आहेत.

सनदेची काही कलमे बारकाईने वाचण्याजोगी आहेत, कारण पुढचा सारा इतिहास त्यांत बीजरूपाने आहे. सातवे कलम सांगते की एकमताने झालेला निर्णय सर्वांना बंधनकारक आणि बहुमताने झालेला निर्णय केवळ तो मान्य करणाऱ्यांना बंधनकारक. पाचवे कलम आपसातील तंटे बळाने सोडविण्यास मनाई करते आणि लीगच्या परिषदेला लवादाचा अधिकार देते. पण तो अधिकार कोणत्या तंट्यांत? ज्यांत एखाद्या राष्ट्राचे स्वातंत्र्य, सार्वभौमत्व किंवा प्रादेशिक अखंडता यांचा संबंध येत नाही अशाच तंट्यांत, आणि तेही उभय पक्षांनी परिषदेकडे धाव घेतली तर. ज्यासाठी राष्ट्रे लढतात ते सर्व विषय येथे बाजूला काढलेले आहेत. आठवे कलम म्हणते की प्रत्येक सदस्याने इतरांच्या राज्यपद्धतीचा मान राखावा आणि ती बदलण्याचा प्रयत्न करू नये. आणि अखेरीस पॅलेस्टाइनविषयीचे परिशिष्ट आहे. त्यात त्या देशाचे स्वातंत्र्य तत्त्वतः निर्विवाद असल्याचे नमूद करून, तो प्रत्यक्षात स्वतंत्र होईपर्यंत त्याचा प्रतिनिधी परिषदेने निवडावा, असे ठरविले आहे.

ही चार कलमे एकत्र ठेवून पाहिली म्हणजे लीगचे स्वरूप ध्यानी येते. राज्यकर्त्यांनी एकमेकांना दिलेले वचन नकारार्थी होते: ‘मी तुला हात लावणार नाही, तू मला लावू नकोस.’ परिशिष्टातून तिसऱ्याला, म्हणजे पॅलेस्टिनी जनतेला दिलेले आश्वासन मात्र होकारार्थी होते: ‘तुझे स्वातंत्र्य ही आमची जबाबदारी.’ पहिल्या वचनाला काहीच खर्च नव्हता. दुसरे फार महागाचे होते, आणि त्याचा खर्च कोणी किती उचलायचा याविषयी सनद मौन पाळते. आमच्या मते लीगच्या इतिहासातील बहुतेक दुःखे या विषमतेतून उद्‌भवली आहेत.

१९४८ साली त्या आश्वासनाची कसोटी लागली. १५ मे रोजी अरब राष्ट्रांच्या सेना पॅलेस्टाइनमध्ये उतरल्या. संयुक्त सेनेचे नाममात्र सेनापतिपद राजा अब्दुल्ला यांच्याकडे होते. आणि त्याच अब्दुल्लांनी त्यापूर्वी ज्यू नेत्यांशी गुप्त बोलणी केलेली होती. सप्टेंबरात ईजिप्तच्या आश्रयाने गाझा येथे एक ‘अखिल पॅलेस्टाइन सरकार’ घोषित झाले. डिसेंबरात अब्दुल्लांच्या समर्थकांनी जेरिको येथे सभा भरवून त्यांनाच राजा म्हणून मान्यता दिली. एका युद्धात ही राष्ट्रे इस्रायलशी जितकी लढली तितकीच एकमेकांवर नजर ठेवून होती. १९४९ साली युद्ध थांबविण्याचे करार झाले तेही प्रत्येकाने वेगवेगळे केले: फेब्रुवारीत ईजिप्तने, मार्चमध्ये लेबनॉनने, एप्रिलमध्ये जॉर्डनने, जुलैमध्ये सीरियाने. एकत्रितपणे युद्ध पुकारणाऱ्यांना एकत्रितपणे ते थांबविता आले नाही. सुमारे सात लाख पॅलेस्टिनी निर्वासित झाले.

१९५० च्या एप्रिलमध्ये अब्दुल्लांनी जॉर्डन नदीचा पश्चिम किनारा आपल्या राज्यास जोडून घेतला. इस्रायलशी कोणीही परस्पर तह करू नये असा ठराव लीगने त्याच महिन्याच्या प्रारंभी केलेला होता आणि जॉर्डनच्या हकालपट्टीची भाषाही झाली. अखेरीस तोडगा निघाला तो शब्दांचा: हा प्रदेश जॉर्डनकडे ठेवीदाखल आहे असे समजावे! ठेव ठेवणाऱ्याला मात्र कोणी विचारले नव्हते.

येथे न्यायाच्या दृष्टीने थोडे थांबले पाहिजे, कारण लीगची केवळ थट्टा करणे फार सोपे आहे आणि ते अन्यायाचेही आहे. तिच्या नावावर काही कामे निश्चित जमा आहेत. जून १९६१ मध्ये कुवेत स्वतंत्र झाला आणि इराकचे अब्दुल करीम कासिम यांनी त्यावर हक्क सांगितला. ब्रिटिश फौजा कुवेतमध्ये उतरल्या. लीगने इराकच्या विरोधास न जुमानता जुलैमध्ये कुवेतला सदस्यत्व दिले आणि ब्रिटिशांच्या जागी अरब राष्ट्रांची एकत्रित तुकडी सरहद्दीवर उभी केली. १९६३ साली कासिम यांच्या पाडावानंतर इराकनेही कुवेतला मान्यता दिली. १९७० च्या सप्टेंबरात जॉर्डनची सेना आणि पॅलेस्टिनी संघटना यांच्यात रक्तपात सुरू झाला तेव्हा नासेर यांनी अरब राज्यप्रमुखांना कैरोत बोलावून घेतले. २७ सप्टेंबरला राजा हुसेन आणि यासर अराफात यांच्याकडून समझोत्यावर सह्या करवून घेतल्या आणि दुसऱ्या दिवशी नासेर हृदयविकाराने निधन पावले. १९८९ साली लीगच्या कासाब्लांका परिषदेने नेमलेल्या सौदी अरेबिया, मोरोक्को व अल्जीरिया या तिघांच्या समितीने लेबनॉनच्या लोकप्रतिनिधींना ताइफ येथे एकत्र आणले, आणि पंधरा वर्षांच्या यादवीला विराम देणारा करार घडून आला.

याखेरीज एक शांत, फारसे न बोलले गेलेले काम आहे. स्थापनेच्या वर्षीच, १९४५ च्या नोव्हेंबरमध्ये, सदस्यांनी सांस्कृतिक सहकार्याचा करार केला. पुढल्या वर्षी अरबी हस्तलिखितांची संस्था स्थापन झाली आणि जगभरच्या ग्रंथालयांतील पोथ्यांची छायाचित्रे संग्रहित होऊ लागली. १९७० साली शिक्षण, संस्कृती व विज्ञान यांसाठी स्वतंत्र संघटना उभी राहिली. हे काम ज्या मुकाट्याने झाले त्यातही एक बोध आहे. पोथीचे छायाचित्र घेण्याने कोणाचे सार्वभौमत्व कमी होत नव्हते, आणि कोणी आधी मोठी घोषणाही केलेली नव्हती. जेवढे बोलले गेले तेवढे केले गेले.

राजकीय यशांकडे पाहिले तर त्यांतही एक समान धागा सापडतो. प्रत्येक वेळी लीग ही गावच्या चावडीसारखी उपयोगी पडली. चावडीला स्वतःचे बळ नसते; पण भांडणाऱ्यांना एकमेकांच्या दारात जाणे कमीपणाचे वाटते तेव्हा दोघांनाही बसता येईल अशी ती जागा असते. जेथे बलवान सदस्यांनाच समेट हवा होता, तेथे चावडीने तो सुकर केला. जेथे नको होता, तेथे चावडी ओस पडली. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेत गिळंकृत केला, तेव्हा हेच दिसले. लीगने ज्याला १९६१ साली संरक्षण दिले, त्याच कुवेतसाठी १० ऑगस्टच्या कैरो परिषदेत केवळ बारा सदस्यांनी सौदी अरेबियात सेना पाठविण्याच्या बाजूने मत दिले. बाकीचे विरोधात गेले, तटस्थ राहिले किंवा दूर राहिले. एका अरब राष्ट्राला दुसऱ्या अरब राष्ट्राच्या तावडीतून सोडविण्याचे काम अखेर अमेरिकेच्या नेतृत्वाखालील फौजांनी केले.

लीगच्या अपयशाची मीमांसा करताना बहुतेक अभ्यासक सातव्या कलमाकडे, एकमताच्या अटीकडे बोट दाखवितात. ती अट बदलण्याचे प्रयत्नही झाले. २००५ च्या अल्जीयर्स परिषदेत मतदानाच्या रीतीत दुरुस्ती मंजूर करण्यात आली. आम्हांला मात्र हे कारण वरवरचे वाटते. नियम शिथिल असल्यामुळे निष्ठा शिथिल झाली असे येथे घडलेले नाही. निष्ठा शिथिल होती म्हणून नियम तसे लिहिले गेले. अलेक्झांड्रियात लिहिलेले कलम कैरोत का गळाले, याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात नाही.

ते काही अंशी इब्न खल्दून या चौदाव्या शतकातील विचारवंताकडे मिळते. ‘असबिय्या’ या त्याच्या संकल्पनेचा अर्थ एका समूहातील माणसांची परस्परांसाठी झिजण्याची वृत्ती असा स्थूलमानाने सांगता येईल. ती केवळ रक्ताच्या नात्याने टिकत नाही. सहवास, एकत्र सोसलेली संकटे आणि वारंवार पटलेली गरज यांनी ती घट्ट होते, आणि सत्तेच्या सुखात ती झिजते, असे त्याचे निरीक्षण होते. हा इब्न खल्दून १३३२ साली ट्युनिस येथे जन्मला आणि १४०६ साली कैरोत वारला. लीगचे मुख्यालय आजवर राहिले ते या दोनच नगरांत. त्याच्या कसोटीने पाहिल्यास लीगच्या संस्थापकांनी भाषेच्या व इतिहासाच्या नात्याला असबिय्या समजण्याची घाई केली, असे म्हणावे लागते. भाषा आपुलकी देते; एकमेकांचे ओझे उचलण्याची तयारी भाषेतून आपोआप येत नाही. पिढ्यानपिढ्या वेगवेगळ्या राज्यांत राहिलेल्या आम्हां मराठी भाषकांना ही गोष्ट वेगळी सांगावयास नको. उलट, १९५१ साली कोळसा आणि पोलाद यांचा व्यवहार एका सामाईक अधिकाराखाली ठेवणाऱ्या सहा युरोपीय राष्ट्रांची भाषा एक नव्हती, आणि त्यांच्यातील कित्येक सहा वर्षांपूर्वीपर्यंत एकमेकांच्या जिवावर उठलेली होती. त्यांनी बंधुत्वाची भाषा कमी केली आणि हिशेब सामाईक केला. अरब राष्ट्रांनी बंधुत्व सामाईक ठेवले आणि हिशेब आपापला.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्ज याच्या मते ज्या करारामागे तो पाळावयास लावणारी शक्ती नाही तो करार पोकळ होय. कांट याने १७९५ साली शाश्वत शांततेविषयी लिहिताना वेगळी वाट धरली: राष्ट्रांचा संघ बळजबरीविना, त्यांच्या स्वेच्छेने उभा राहावा आणि हळूहळू विस्तारत जावा. लीगचे समर्थक कांटचा आधार घेऊ शकतात, आणि टीकाकार हॉब्जचा. परंतु या दोघांच्याही विवेचनात करार करणारे आणि कराराचे फळ भोगणारे बहुधा एकच आहेत. लीगच्या बाबतीत ते तसे नाहीत. सह्या राजांनी, पंतप्रधानांनी आणि सेनानींनी केल्या. वाट पाहिली ती छावण्यांतील माणसांनी. आठव्या कलमाने राज्यकर्त्यांना एकमेकांपासून अभय दिले. राज्यकर्त्यांपासून प्रजेला अभय देणारे कलम त्या सनदेत नाही.

वचन देणाऱ्याला ते न पाळल्याची लाज वाटेल, आणि वचन घेणाऱ्याला ते पाळले जाईल या भरवशावर आपला मार्ग निवडता येईल, या दोन गोष्टींमुळे वचन हे वचन ठरते. बहुमताचा निर्णय फक्त मान्य करणाऱ्यांना बांधणार असेल तर पहिली गोष्ट उरत नाही, कारण ‘मी मान्य केलेच नव्हते’ हे उत्तर सदैव तयार असते. दुसरी गोष्ट मात्र उरते. भरवसा ठेवणारा कलमे वाचून भरवसा ठेवीत नाही. तो जाहीर केलेले शब्द ऐकतो. १९६७ च्या खार्टूम परिषदेने इस्रायलशी तह नाही, त्याला मान्यता नाही, त्याच्याशी वाटाघाटी नाहीत असे तीन नकार गर्जून सांगितले. १९७४ साली रबात येथे पॅलेस्टाइन मुक्ती संघटना हीच पॅलेस्टिनी जनतेची एकमेव प्रतिनिधी असे ठरले. मार्च १९७९ मध्ये ईजिप्तने इस्रायलशी तह केला तेव्हा त्याचे सदस्यत्व स्थगित झाले आणि मुख्यालय कैरोहून ट्युनिसला नेण्यात आले. १९८९ साली तोच ईजिप्त, तो तह कायम ठेवून, परत घेतला गेला.

२००२ च्या बैरूत परिषदेत लीगने एक गंभीर आणि सुजाण प्रस्ताव केला: १९६७ च्या रेषेपर्यंत माघार, निर्वासितांच्या प्रश्नाची न्याय्य सोडवणूक आणि पूर्व जेरुसलेम राजधानी असलेले पॅलेस्टिनी राज्य, यांच्या बदल्यात सर्व अरब राष्ट्रांचे इस्रायलशी नेहमीचे संबंध. या प्रस्तावाचे बळ ‘सर्व’ या एकाच शब्दात होते. २०२० मध्ये संयुक्त अरब अमिराती व बहारीन यांनी, आणि त्यांच्या पाठोपाठ सुदान व मोरोक्को यांनी, पॅलेस्टिनी राज्याची वाट न पाहता इस्रायलशी संबंध जुळविण्याचा मार्ग धरला. त्या सप्टेंबरात परराष्ट्रमंत्र्यांच्या बैठकीत याचा निषेध करणारा पॅलेस्टिनी मसुदा संमतही होऊ शकला नाही. १९७९ मध्ये ज्या कृत्यासाठी सर्वांत मोठ्या सदस्याला बाहेर काढले, त्याच कृत्याबद्दल २०२० मध्ये शब्दानेही विचारणा झाली नाही. एखाद्या राष्ट्राने आपले धोरण बदलावे यात गैर काही नाही. शत्रुत्व सोडणे हे तर पुष्कळदा शहाणपणाचेच असते. गैर असेल तर ते हे की, सर्वांच्या नावे दिलेला शब्द प्रत्येकाने आपल्यापुरता मोडला आणि तो मोडल्याचे सांगण्याची जबाबदारी कोणावरच आली नाही.

मग लीगने अधिक कृतिशील व्हावे, एवढेच का याचे तात्पर्य? २०११ चा अनुभव या सोप्या उत्तरापासून आपणांस सावध करतो. त्या वर्षी २२ फेब्रुवारीला लीगने लिबियाला बैठकांतून वगळले आणि १२ मार्चला, गद्दाफींच्या विमानांपासून नागरिकांचे रक्षण करण्यासाठी, उड्डाणबंदी लादावी अशी विनंती संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेला केली. प्रजेसाठी राज्यकर्त्याविरुद्ध उभे राहण्याचा हा लीगच्या इतिहासातील विरळा प्रसंग होता. पाच दिवसांनी सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक १९७३ संमत केला. भारत त्या वेळी तटस्थ राहिला. बाँबफेक सुरू होताच लीगचे सरचिटणीस अम्र मुसा यांनी, हे आम्ही मागितले होते त्याहून वेगळे आहे, अशा आशयाची नाराजी व्यक्त केली. पुढे लिबिया दुभंगला आणि त्या यादवीची जबाबदारी घेण्यास कोणी पुढे आले नाही. हत्यार दुसऱ्याच्या हाती देऊन अनुमती मात्र आपली द्यावयाची, ही कृती नव्हे. निष्क्रियतेचेच ते दुसरे रूप आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरात सीरियाला स्थगित केले गेले, डिसेंबरात निरीक्षक पाठविले गेले आणि जानेवारी संपण्यापूर्वी त्यांचे काम थांबविण्यात आले. मे २०२३ मध्ये बशर अल-असद यांचे राज्य सन्मानाने परत बोलाविले गेले. ८ डिसेंबर २०२४ रोजी ते राज्यच कोसळले. ज्या प्रजेसाठी बारा वर्षांपूर्वी दार बंद केले होते, तिची स्थिती दार उघडताना कोणत्या अर्थाने सुधारली होती, हे त्या बैठकीतून कळले नाही.

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो वजनदार आहे. सर्वच आंतरराष्ट्रीय संस्था अशाच असतात. सुरक्षा परिषदेत पाचांपैकी एकाचा नकाराधिकारही सर्वांचे हात बांधतो. मग एकट्या अरब लीगला नीतीच्या पिंजऱ्यात का उभे करावे? शिवाय लीग म्हणजे तिच्या सदस्यांहून निराळे असे कोण आहे? हा आक्षेप आम्ही मान्य करतो, पण त्याचा रोख उलटा फिरवून. लीग अपयशी ठरली असे म्हणण्याने सर्वांत मोठी सोय होते ती सदस्य राष्ट्रांचीच. संस्थेच्या माथी दोष मारला की रियाध, कैरो, बगदाद, दमास्कस यांच्या हिशेबात काही उरत नाही. महाभारतातील द्यूतसभेचे स्मरण येथे अस्थानी होणार नाही. द्रौपदीने सभेला प्रश्न विचारला तेव्हा सभा म्हणून कोणी उत्तर दिले नाही. पण आपण दोष सभेला देत नाही. भीष्मांना देतो, द्रोणांना देतो, आणि विकर्ण एकटा बोलला याची नोंद ठेवतो. सभेत बसल्याने माणसाची जबाबदारी सभेइतक्या भागांत वाटली जात नाही. ती प्रत्येकाची पुरती राहते. राष्ट्रांना हाच न्याय लावला पाहिजे.

येथवर आल्यावर आमचे मत थोडक्यात सांगता येईल. संस्थेजवळ बळ नसणे हा तिचा नैतिक दोष नव्हे. चावडीला फौज नसते म्हणून तिला कोणी खोटी म्हणत नाही. दोष सुरू होतो तो, ज्याच्यामागे कोणी उभे राहणार नाही असा शब्द उच्चारला जातो तेव्हा. आणि तो वाढतो, ठराव हाच कृतीचा पर्याय समजला जातो तेव्हा. ठराव हे शेवटी एक विधान आहे, आणि विधानाला सत्याचे बंधन असते. ‘आम्ही हे करू’ असे म्हणणाऱ्या सभेने आपल्यापैकी कोण, केव्हापर्यंत, कशाच्या बळावर ते करील हेही सांगावे. आणि ते सांगता येत नसेल तर ‘आम्हांला दुःख होते, पण आम्ही एवढेच करू शकतो’ असे म्हणावे. हे म्हणण्यास धैर्य लागते, कारण त्याने टाळ्या मिळत नाहीत. पण ज्याच्या घराला आग लागली आहे त्याला, पाणी घेऊन कोणी येणार नाही हे वेळेवर कळणे, हाही एक प्रकारचा उपकारच आहे. निदान तो वाट पाहत बसत नाही.

४ मार्च २०२५ रोजी कैरोत लीगची तातडीची परिषद भरली. उद्ध्वस्त झालेल्या गाझातून तेथील लोकांना हुसकावू नये आणि त्यांच्या हयातीतच त्यांची घरे पुन्हा उभी राहावीत, यासाठी ईजिप्तने मांडलेली सुमारे ५३ अब्ज डॉलरची योजना तिने स्वीकारली. या योजनेत टप्पे आहेत, मुदती आहेत आणि रकमा आहेत. म्हणजे शब्दाला हिशेब जोडण्याचा प्रयत्न तिच्यात दिसतो, आणि तेवढ्यापुरते ते १९४५ च्या परिशिष्टाहून पुढचे पाऊल म्हणावे लागेल. ते वचन आहे की ठराव, हे त्यातील अक्षरांवरून ठरणार नाही. बावीस सदस्यांपैकी प्रत्येकाने आपल्या नावासमोर कोणता आकडा लिहिला आणि तो केव्हा भरला, यावरूनच ते ठरेल.